तीन वर्षांची वॉरंटी, पंधरा वर्षांची गाडी

इंजिन उघडून पाहण्याआधीच सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून उत्तर येते, “सर, वॉरंटी संपलीय.” त्यापाठोपाठ अंदाजपत्रक येते. हाफ इंजिन बदलायचे, म्हणजे ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन असा खालचा सगळा भाग नवा घ्यायचा, तर मध्यम आकाराच्या गाडीलाही आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. गाडी चार वर्षांची असते, पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेली, कर्जाचे हप्ते अजून चालू असलेली. त्या एका वाक्यापुढे बहुतेक मालक गप्प होतात, कारण त्यांना तो कायद्याचा निकाल वाटतो. तसा तो नाही. वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेले वचन आहे आणि त्याची मुदतही तिनेच ठरवलेली आहे. वचनाची मुदत संपली की कारखान्यात राहून गेलेल्या चुकीची जबाबदारीही संपते, हे गणित कंपनीचे. आपण ते न तपासता मान्य करतो, आणि माझ्या मते ते चुकीचे आहे.

कारखान्यातली चूक म्हणजे नेमके काय असते, हे समजायला एक प्रकरण सविस्तर पाहिले पाहिजे. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या ‘थीटा टू’ या पेट्रोल इंजिनाचे. 2 आणि 2.4 लिटरची ही इंजिने अमेरिकेत सोनाटा, सांता फे, ऑप्टिमा, सोरेंटो अशा लाखो गाड्यांत बसवली गेली. क्रँकशाफ्टमध्ये ऑइल वाहण्यासाठी बारीक वाटा पाडलेल्या असतात. अलाबामातल्या कारखान्यात हे काम करताना निघालेले धातूचे कण काही इंजिनांतून पुरते साफ झाले नाहीत. ते ऑइलबरोबर फिरले, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला मिळणारे ऑइल त्यांनी अडवले, बेअरिंग झिजत गेले. अशा इंजिनातून आधी ठोके ऐकू येतात, मग ऑइलचा दिवा लागतो, मग चालत्या गाडीत इंजिन जाम होते. काही गाड्यांत तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आणि आग लागली.

या घटनाक्रमात दोन तारखा आहेत आणि सगळा वाद त्या दोन तारखांमधल्या अंतराचा आहे. चूक झाली ती गाडी शोरूमपर्यंत पोचण्याच्याही आधी. दिसली ती काही वर्षांनी, प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी. अमेरिकेत या कंपन्या पहिल्या मालकाला इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षे किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी देत आणि तीच गाडी दुसऱ्याने विकत घेतली की ती 5 वर्षे आणि 60 हजार मैलांवर येई. म्हणजे एकाच कारखान्यातून आलेली, एकाच दोषाची दोन इंजिने एकाच महिन्यात बंद पडली तर एका मालकाला नवे इंजिन फुकट आणि दुसऱ्याच्या हातात बिल. धातूचे कण दोन्हीकडे सारखेच होते. फरक फक्त कागदाचा होता.

सप्टेंबर 2015 मध्ये ह्युंदाईने सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कंपनीत सव्वीस वर्षे काढलेले अभियंते किम ग्वांग-हो यांनी 2016 मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे कागदपत्रे नेऊन दिली. कंपनी सांगते आहे त्यापेक्षा दोषाचा पसारा मोठा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची नोकरी गेली. 2017 मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून आणखी सुमारे 12 लाख गाड्या परत बोलावल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये, वेळेत आणि पुरेशी माहिती न दिल्याच्या ठपक्यावरून, दोघींवर मिळून 21 कोटी डॉलरची कारवाई झाली. त्यातली काही रक्कम सुरक्षा सुधारण्यावर खर्च करायची होती, काही राखून ठेवलेली होती. पुढच्या वर्षी त्याच प्रशासनाने किम यांना 2 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक रकमेचे बक्षीस दिले. मालकांनी एकत्र येऊन केलेल्या दाव्यातल्या तडजोडीत सुमारे 40 लाख गाड्यांच्या हाफ इंजिनला आजीवन वॉरंटी मिळाली आणि ती पुढच्या मालकांनाही लागू झाली. ‘असाधारण हलगर्जीपणा’ झाला असेल तरच ती नाकारता येईल, अशी अट होती. हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. एखादी सर्व्हिसिंग उशिरा झाली एवढ्यावर मालकाला बाहेर काढायचे नाही, असा त्याचा अर्थ.

किम यांच्याजवळ असे काय होते जे हजारो मालकांजवळ नव्हते? त्यांना एकूण चित्र दिसत होते. ज्याचे इंजिन बंद पडते त्याला फक्त आपले इंजिन माहीत असते. कंपनीकडे प्रत्येक अधिकृत वर्कशॉपमधले जॉब कार्ड असते, प्रत्येक वॉरंटी क्लेम असतो, कुठल्या महिन्यात बनलेल्या इंजिनांसाठी किती बेअरिंग सेट आणि किती ब्लॉक मागवले गेले याचा हिशेब असतो. एखाद्या भागाचा पार्ट नंबर अचानक बदलतो, त्याच्या धातूत किंवा मापात सुधारणा होते, डीलरांना तांत्रिक सूचनापत्र जाते. दोष आहे हे कंपनीला कळते ते असे, आणि मालकाला कळण्याच्या बरेच आधी. म्हणून या वादाला मी मुदतीचा वाद मानत नाही. तो माहितीचा वाद आहे. ज्याच्याकडे सगळी माहिती आहे तो मौन पाळतो आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सांगितले जाते, दोष सिद्ध करा.

आणि बऱ्याचदा मौनावरच थांबत नाही, उलट आरोप होतो. टोयोटाच्या 1997 ते 2002 या काळातल्या काही गाड्यांत ऑइल घट्ट होऊन त्याचा गाळ साचू लागला. मालकांनी ऑइल वेळेवर बदलले नसेल, ही कंपनीची पहिली भूमिका. तक्रारी वाढत गेल्यावर 2002 मध्ये तिने सुमारे 33 लाख गाड्यांना पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत या बिघाडाची दुरुस्ती देऊ केली. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या गाड्या हिसके देत. हा बिघाड इंजिनाचा नव्हता, पण वागणूक तीच होती. तुमची गाडी चालवण्याची पद्धत चुकीची आहे, असे ग्राहकांना सांगितले गेले. गिअरबॉक्सची अडचण कंपनीला ठाऊक होती. 2018 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने तक्रारी हाताळण्याच्या या रीतीबद्दल 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दोष असणे हा गुन्हा नाही, कुठल्याही यंत्रात तो राहू शकतो. माहीत असलेला दोष ग्राहकाच्या माथी मारणे हे मला अक्षम्य वाटते. एखादी बाई किंवा नवशिका तरुण काउंटरवर एकटा उभा असतो आणि ‘तुम्ही क्लच दाबून चालवता का?’ या प्रश्नाने त्याचा स्वतःवरचा विश्वासच काढून घेतला जातो.

कंपन्यांच्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. इंजिन हे झिजणारे यंत्र आहे. तापमानाचा काटा वर गेलेला दिसत असताना ‘एवढा घाट चढू आणि थांबू’ म्हणून गाडी रेटली तर हेड गॅस्केट जाते, त्याला कारखाना जबाबदार नाही. पावसात तुंबलेल्या सब-वेमध्ये बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेले की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबईच्या प्रत्येक पावसाळ्यात वर्कशॉपमध्ये अशी इंजिने येतात. स्वस्तातले चुकीच्या ग्रेडचे ऑइल, ताकद वाढवण्यासाठी बदललेले सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षे न बदललेले कूलंट, हे सगळे मालकाचे हिशेब. शिवाय प्रत्येक इंजिनाची जबाबदारी कायमची घ्यायची तर तो खर्च गाडीच्या किमतीत येणार आणि तो सगळेच ग्राहक भरणार.

पण यातल्या प्रत्येक कारणाची खूण धातूवर राहते. गरम होऊन वाकलेले हेड सपाट पृष्ठावर ठेवून मोजता येते. पाण्याने वाकलेला रॉड आणि ऑइलअभावी जळालेले बेअरिंग सारखे दिसत नाहीत. दोष कुणाचा हे शोधणे अवघड असेल, अशक्य नाही. मग शोधायचे कुणी आणि खर्च कुणी करायचा, एवढाच प्रश्न उरतो. किंमत वाढेल हा मुद्दाही अर्धाच आहे. दोषाचा खर्च आजही कुणीतरी भरतोच. आज तो ज्याच्या वाट्याला नेमके ते इंजिन आले त्याच्या एकट्यावर पडतो. तो सगळ्यांत वाटला गेला तर प्रत्येकाला थोडा जड होईल आणि कुणाचेही घरचे अंदाजपत्रक कोलमडणार नाही. मी आजीवन हमी मागत नाही. साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला नवे इंजिन मिळाले तर मालकाला काही फायदा होतो, त्याने वापराच्या प्रमाणात थोडा भार उचलावा, हेही मला रास्त वाटते. आपल्याकडे नव्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, महाराष्ट्रात वाहनकरही एकरकमी घेतला जातो. गाडी इतकी वर्षे चालणार हे शासन धरून चालते, बँक धरून चालते, ग्राहकही. ती बनवणाऱ्यानेच तेवढे धरून चालू नये, हे पटत नाही.

आता आपल्या कायद्याकडे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. त्यात ‘दोष’ या संज्ञेची व्याख्या आहे: कायद्याने, करारान्वये किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जो दर्जा राखायला हवा त्यातली कुठलीही उणीव. करार उघड असो वा गृहीत. या व्याख्येत वॉरंटी हा शब्द नाही, वर्षांची मर्यादा नाही. दोष सिद्ध झाला तर ग्राहक आयोग तो दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. 1930 चा मालविक्री कायदाही सांगतो की त्या मालाचा व्यवसाय करणाऱ्याने विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे आणि उघड वॉरंटी दिली म्हणून ही गृहीत अट आपोआप रद्द होत नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम 62 ने करार करून गृहीत अटी वगळायची मुभा ठेवली आहे, आणि वॉरंटी पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘याखेरीज दुसरी कोणतीही उघड वा गृहीत हमी नाही’ असे छापलेले असते ते यासाठीच. अवाजवी करार म्हणून अशा अटींना आव्हान द्यायची सोय 2019 च्या कायद्यात आहे, पण त्यासाठी जिल्हा आयोग चालत नाही. राज्य आयोगाची पायरी चढावी लागते.

या कायद्यातली एक गोष्ट मला विशेष खटकते. ‘उत्पादन दायित्व’ असे एक स्वतंत्र प्रकरण त्यात घातले गेले, उत्पादकाला थेट जबाबदार धरणारे. डिझाइनमधला दोष, बनावटीतला दोष, अपुऱ्या सूचना, सगळे त्यात आहे. पण ‘हानी’ची व्याख्या वाचली की कळते, वस्तूचे स्वतःचे झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे आणि आर्थिक तोटाही. इंजिनाने पेट घेऊन कुणी भाजले तर हे प्रकरण उपयोगी पडेल. इंजिन नुसते जाम झाले तर त्या इंजिनाचा खर्च या वाटेने मिळणार नाही. सामान्य माणसावर जो प्रसंग सर्वांत जास्त वेळा येतो नेमका तोच बाहेर राहिला. मग जुन्याच वाटेने, दोष आणि सेवेतली त्रुटी म्हणून, भांडावे लागते.

आणि तिथे पुराव्याची अडचण येते. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोगाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी अशी तरतूद आहे, पण तपासणीची फी तक्रारदाराकडून भरून घेतली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही दिशांना आहेत. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की दोष एखादा भाग बदलून जाणारा असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायला सांगता येणार नाही. वॉरंटीच्या अटीत जेवढे आहे तेवढेच. त्याआधी 2004 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात मात्र दोष मान्य न करता ग्राहकाला वर्षानुवर्षे कोर्टात ओढल्याबद्दल न्यायालयाने उत्पादकावर कडक ताशेरे ओढले. इंजिन बदलूनही आवाज राहिलेल्या एका फियाट गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने तटस्थ तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी करवली आणि मूळ बनावटीत दोष निघाल्यास व्याजासह किंमत परत करण्याची दिशा दाखवली. गोव्यातले एक प्रकरण प्रत्येक तक्रारदाराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. 2011 मध्ये नवी म्हणून विकलेली टाटाची गाडी 2009 ची आणि आधीच सहाशेवर किलोमीटर फिरलेली निघाली. खालच्या आयोगांनी डीलरबरोबर उत्पादकालाही जबाबदार धरले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला मोकळे केले: डीलर आणि कंपनी यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे, आणि कंपनीला हे ठाऊक होते असे ठोस म्हणणेही तक्रारीत नव्हते. म्हणजे तक्रारीत कंपनीचे नाव घालून भागत नाही. कंपनीची स्वतःची चूक कोणती, ते स्पष्ट शब्दांत लिहावे लागते.

आपल्याच कायद्यात याहून चांगला नमुना आहे. फ्लॅटचा ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत, एक पैसा न घेता तो दुरुस्त करायचा, असे रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे. तिथे बिल्डरच्या वचनावर काही अवलंबून नाही. मुदत कायद्याने घातली आहे. घरानंतरची मध्यमवर्गीयाची सर्वांत मोठी खरेदी गाडी. तिला असे कलम का नसावे? फ्रान्सच्या दिवाणी संहितेत तर छुप्या दोषासाठी दोन वर्षांचे घड्याळ दोष सापडल्या दिवसापासून सुरू होते, विक्रीच्या दिवसापासून नाही. विक्रीपासून वीस वर्षांची बाहेरची सीमा तेवढी आहे. ऑस्ट्रेलियातला ग्राहक कायदा वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे असे म्हणतो, कंपनीची वॉरंटी काहीही असो. याचा परिणाम कंपन्यांच्या वागण्यावर होतो. प्यूजो-सिट्रोएनच्या 1.2 लिटर प्यूरटेक इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तो झडू लागला, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकू लागले आणि युरोपभर बोंब झाली, तेव्हा 2024 मध्ये त्यांची मूळ कंपनी स्टेलांटिसने त्या गाड्यांचे संरक्षण 10 वर्षे किंवा 1 लाख 75 हजार किलोमीटरपर्यंत वाढवले. आधी ज्यांनी खिशातून खर्च केला होता त्यांच्यासाठी 2025 च्या सुरुवातीला परताव्याची सोयही सुरू केली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 ची दुरुस्ती होऊन कलम 110अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या, ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी, 10 लाख ते 1 कोटी रुपये दंड अशी ती रचना. अट एवढी की दोषाने पर्यावरणाला किंवा सुरक्षिततेला धोका असला पाहिजे. म्हणून इंजिनाच्या तक्रारी ‘हा फक्त दुरुस्तीचा विषय’ म्हणून बाजूला पडतात. पण खंबाटकी घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडले की काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला विचारावे. स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, मागून कंटेनर येत असतो. चालत्या गाडीत बंद पडणारे इंजिन हा सुरक्षिततेचाच दोष आहे आणि तक्रार नोंदवताना तो तसाच नोंदवला पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत मालकाने काय करायचे? इंजिन उघडायची परवानगी देण्याआधी थांबायचे. एकदा इंजिन खोलले, भाग धुतले आणि कचऱ्यात गेले की पुरावा संपला. उघडताना आपण किंवा आपला ओळखीचा मेकॅनिक हजर राहील असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे. फोटो आणि व्हिडिओ काढावेत, बाटलीभर जुने ऑइल आणि काढलेले प्रत्येक बेअरिंग, पिस्टन, बेल्ट ताब्यात मागावा. जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार आपल्या शब्दांत यायला हवी. ‘जनरल चेकअप’ एवढ्यावर सही करू नये. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये ‘ऑइल कमी होतंय’, ‘सकाळी खडखड येते’ असे कधी सांगितले होते का, ती जुनी कार्डे शोधावीत. वॉरंटीत असताना केलेली तक्रार आणि वॉरंटीनंतर आलेला बिघाड यांचा धागा जुळला तर कंपनीच्या ‘मुदत संपली’ला उरतेच काय? बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केले असेल तर बिले ठेवावीत. त्यावरून सगळाच हक्क गेला असे सांगितले तर लेखी मागावे. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने फक्त अधिकृत जाळ्यात अडकवून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. ते प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले, पण त्यातले तत्त्व ग्राहकाच्या कामाचे आहे.

मग पत्र. डीलरला नव्हे, कंपनीला, प्रत डीलरला. त्यात राग कमी आणि प्रश्न जास्त असावेत. या इंजिनाच्या या भागाचा पार्ट नंबर माझ्या गाडीच्या बांधणीनंतर बदलला आहे का? याविषयी डीलरांना तांत्रिक सूचना गेली आहे का? बिघाडाचे मूळ कारण तुमच्या मते काय, आणि ते कुठल्या तपासणीवरून ठरवले? अशा प्रश्नांना उत्तर न देणे हेही पुढे आयोगासमोर बोलके ठरते. बहुतेक वेळा याच टप्प्यावर एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन येतो आणि ‘गुडविल’ हा शब्द निघतो: भागांवर अमुक टक्के सूट, मजुरी तुमची. ही सूट कृपा म्हणून सांगितली जाते. माझे मत असे की ती पुष्कळदा कंपनीने आपल्या जबाबदारीचा मनातल्या मनात केलेला हिशेब असते, म्हणून तिच्यावर बोलणी करायला संकोचू नये. तडजोड पटली तर जरूर घ्यावी. कोर्टात वर्षे जातात. मात्र ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशा कागदावर सही करताना नव्या इंजिनावर लेखी वॉरंटी किती, हे आधी पाहावे. बोलण्यात कालहरण होऊ द्यायचे नाही, कारण तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करावी. पुढे राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, 5 लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूला फीही नाही. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली टॅक्सीही यात बसते. ‘तुमचा वापर व्यावसायिक’ म्हणून अशा चालकांना परत पाठवले जाते, ते चूक आहे.

पण हे सारे एकेकट्याने लढायचे उपाय झाले आणि हा दोष एकेकट्याचा नसतो. त्याच महिन्यात बनलेल्या त्याच इंजिनाचे आणखी मालक शोधणे हे माझ्या दृष्टीने वकील शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दहा जणांची जॉब कार्डे एकाच पद्धतीचा बिघाड दाखवत असतील तर ‘तुम्ही नीट चालवली नाही’ हे उत्तर टिकत नाही, आणि समान हिताच्या ग्राहकांनी आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करायची सोय कायद्यातच आहे.

अमेरिकेत कंपन्यांनी डीलरांना पाठवलेली तांत्रिक सूचनापत्रे महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे द्यावी लागतात आणि ती कुणालाही वाचता येतात. एखादा मालक आपल्या मॉडेलचे नाव घालून पाहू शकतो की हा आवाज कंपनीला आधीपासून माहीत होता का. आपल्याकडे ती कागदपत्रे डीलरच्या संगणकाच्या पलीकडे येत नाहीत. ग्राहक चळवळीतले बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्याच पुण्याच्या परिसरात, पिंपरी-चिंचवडला आणि चाकणला, आज लाखो गाड्या बनतात, आणि वाहन तपासणारी एआरएआय ही संस्थाही 1966 पासून पुण्यातच आहे. म्हणून पुढची मागणी इथूनच उठायला हवी: डीलरांना जाणारे प्रत्येक तांत्रिक सूचनापत्र आणि इंजिनाच्या प्रत्येक मोठ्या भागाचा बदललेला पार्ट नंबर परिवहन मंत्रालयाने सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. आणि नोंदणीपासून सात वर्षांच्या आत इंजिन निकामी झाले तर दोष बनावटीचा नव्हता हे कंपनीने, स्वतःच्या खर्चाने, आयोगापुढे सिद्ध करावे.